तिन्ही कागदांवर एकच चूक

माझा उजवा कान थोडा अधू आहे. जुलै महिन्यात एका संध्याकाळी गावच्या वाचनालयातली तीन पोरं ओट्यावर आली, काहीतरी बोलली आणि मी सवयीने मान हलवली. ती गेल्यावर सौ.ने विचारलं, "कशावर बोलायचंय ते कळलं ना तुम्हाला?"

"वाचनावर असेल," मी म्हटलं.

"खरेदीवर," ती म्हणाली. "सरकारी खरेदीवर. २८ सप्टेंबरला."

२८ सप्टेंबर आपल्याकडे माहिती अधिकार दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी पोरांना गावात जनजागृती करायची होती. सरकार वस्तू कशा विकत घेतं, २०१६ नंतर त्या रीतीत काय काय बदललं, हे लोकांना समजावून सांगायचं होतं. सांगणारा म्हणून त्यांनी मला निवडलं. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठी. साने गुरुजी ज्या तालुक्याच्या गावी शिकवून गेले तिथे मास्तराला 'गुरुजी' म्हणून हाक मारली की त्याला नाही म्हणता येत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं मराठी शिकवलं, शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापक होतो. खरेदीच्या बाबतीत माझी ख्याती एवढीच, की भरताची वांगी आणायला पाठवलं तर मी नेमकी बियांची आणतो. असा माणूस राज्याच्या खरेदीवर बोलणार होता.

पहिल्या रविवारी नातवाने मोबाइलवर राज्य सरकारचं महाटेंडर्स नावाचं संकेतस्थळ उघडून दिलं. मला वाटलं होतं, दुकानात असते तशी वस्तूंची यादी दिसेल. दिसल्या त्या नुसत्या ओळी. कुठे नाला खोलीकरण, कुठे औषधं, कुठे संगणक, आणि प्रत्येक ओळीपुढे चार-चार तारखा. त्यातली एक तारीख 'बोली उघडण्याची' होती. ३१ वर्षं मी मुलांना सांगत आलो, की प्रमाणभाषा एक आणि बोली अनेक, आपली अहिराणी ही एक बोली. ती उघडायची कशी? नातू हसला. "आजोबा, बोली म्हणजे भाव. लिलावात बोली लावतात ना, तशी."

त्याच आठवड्यात दुसऱ्या शब्दाने मात्र मला हात दिला. निविदा. 'निवेदन' आणि 'निविदा' ही एकाच मुळाची भावंडं; 'विद्' म्हणजे जाणणे. जाणवून देणं, कळवणं, हा त्या शब्दाचा मूळ स्वभाव. आपण मात्र निविदा म्हटलं की गुपचूप बंद केलेला लिफाफा डोळ्यांसमोर आणतो. मी वहीत लिहून ठेवलं: शब्द कळवायला सांगतो, आपण झाकायला शिकलो. भाषणाला एक वाक्य मिळालं म्हणून मी खूश झालो. बाकी सगळ्या पानांवर प्रश्नचिन्हंच होती. ईएमडी म्हणजे काय? एल-वन कोण? बीओक्यू हा कुठला रोग?

शेवटी धुळ्याच्या भाच्याला फोन केला. अवधानच्या एमआयडीसीत त्याचा लोखंडी कपाटं आणि रॅक बनवायचा छोटा कारखाना आहे. तो म्हणाला, "मामा, फोनवर नाही कळायचं. या इकडे. रात्री शेवभाजी खाऊ आणि टेंडर उघडू."

भाच्याच्या टेबलावर बोटभर लांबीची एक पेनड्राइव्हसारखी वस्तू होती. "ही माझी सही," तो म्हणाला. मला काही समजेना. ती डिजिटल सही होती. संगणकाला ती जोडल्याशिवाय निविदा भरताच येत नाही आणि एकदा भरली की कोणी भरली ते नाकारता येत नाही. मग त्याने दोन लिफाफ्यांची गोष्ट सांगितली. पहिला लिफाफा तांत्रिक. त्यात तुम्ही कोण, नोंदणी आहे का, आधी असं काम केलंय का, माल ठरलेल्या मापाचा आहे का, एवढंच. दुसरा लिफाफा भावाचा. पहिल्यात जे पास होतील त्यांचाच दुसरा उघडायचा. त्यात ज्याचा भाव सगळ्यांत कमी तो एल-वन, म्हणजे पहिला नंबर. ईएमडी म्हणजे बयाणा. गाय घेताना, शेत घेताना आपण देतो तोच. माणूस शब्दाला जागावा म्हणून अडकवून ठेवलेला पैसा. बीओक्यू म्हणजे परिमाणांची यादी, किती नग, किती फूट.

"म्हणजे ही परीक्षाच झाली की," मी म्हणालो. "पहिला पेपर पात्रतेचा, दुसरा भावाचा."

"परीक्षाच आहे, मामा. फक्त पूर्वी बऱ्याच ठिकाणी पेपर आणि निकाल दोन्ही एकाच खोलीत तयार व्हायचे."

मग त्याने बदलांची उजळणी घेतली. मी विद्यार्थ्यासारखा लिहीत होतो. केंद्र सरकारने ९ ऑगस्ट २०१६ ला जेम पोर्टल सुरू केलं, म्हणजे सरकारी कचेऱ्यांसाठीचा ऑनलाइन बाजार. त्याआधी केंद्राची खरेदी बघणारं पुरवठा आणि विल्हेवाट महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ ला बंद झालं. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांनी सांगितलं, की जी वस्तू जेमवर मिळते ती तिथूनच घ्यायची. लहान रकमेची थेट घेता येते, त्यावर गेलं की वेगवेगळ्या उत्पादकांचे निदान तीन भाव ताडून बघायचे, आणि मोठ्या रकमेला बोली किंवा उलटा लिलाव.

उलटा लिलाव ऐकल्यावर मी पुन्हा अडलो. अमळनेरच्या बाजार समितीत मी लिलाव पाहिलेत. व्यापारी भाव वर चढवतात, शेतकरी डोळे विस्फारून बघत राहतो. इथे सरकार घेणारं आणि विकणारे अनेक, म्हणून भाव खाली उतरतो. भाचा म्हणाला, "एकदा शेवटच्या दहा मिनिटांत मी पन्नास-पन्नास रुपयांनी खाली उतरत होतो. समोर कोण आहे ते दिसत नाही, फक्त आकडा दिसतो. तेवढ्यात लाइट गेली. मोबाइलवरून जोडेपर्यंत वेळ संपली होती. दुसऱ्याला मिळालं."

"वाईट वाटलं?"

"वाटलं. पण एक बरं वाटलं. कोणाला आणि किती रुपयांना मिळालं ते मला बघता आलं. पूर्वी 'साहेब बघून सांगतात' एवढंच कळायचं."

राज्याचीही गोष्ट त्याने सांगितली. आपल्याकडे पूर्वी 'दर करार' असायचे. एकदा भाव ठरला की कचेऱ्यांनी त्याच भावाने त्याच पुरवठादाराकडून माल घ्यायचा. २०१५ मध्ये चिक्कीच्या सरकारी खरेदीवरून विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत जो वाद पेटला, तो याच पद्धतीवरचा होता. एका दिवसात २४ शासन निर्णय काढून सुमारे २०६ कोटींची खरेदी निविदेविना केल्याचा आरोप होता. संबंधित मंत्र्यांनी तो फेटाळला. प्रश्न मात्र मागे उरला, की स्पर्धा न घेता ठरलेला भाव रास्त आहे हे कळायचं कशावरून? पुढे १ डिसेंबर २०१६ ला राज्याच्या उद्योग विभागाने कार्यालयीन खरेदीची सुधारित नियमपुस्तिका काढली. तिच्यानुसार तेव्हा ३ लाखांवरची खरेदी ई-निविदेने करावी लागे आणि त्याखालच्या खरेदीला सहसा तीन दरपत्रकं घ्यावी लागत. आपण ज्याला तीन कोटेशनं म्हणतो ती. रक्कम मर्यादेखाली बसावी म्हणून एका मागणीचे तुकडे पाडायला नियमांत साफ मनाई आहे.

मी विचारलं, "म्हणजे आता सगळं नीट झालं म्हणायचं?"

भाच्याने उत्तर दिलं नाही. मला उठवून कारखान्यात नेलं. दोन पत्रे हातात दिले. "एक २२ गेज, एक २४ गेज. जाड कुठला?" मी अर्थातच २४ वर बोट ठेवलं. चूक. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. "भाव खूप खाली गेला ना मामा, की माणूस पत्र्यात काढतो. कागदावर २२, दारात २४. कपाटाच्या दाराला अंगठा लावून दाबायचं. आत गेलं आणि टक्कन बाहेर आलं, की समजा." मग त्याने आणखी दुखणी सांगितली. काही निविदांच्या अटी एखाद्याच्या अंगाबरोबर शिवलेल्या असतात. उलाढाल इतकी हवी, अनुभव नेमका अमुकच हवा. वाचल्याबरोबर कळतं की हा सदरा कोणाच्या मापाचा. केंद्राच्या धोरणात सूक्ष्म आणि लघू उद्योगांकडून २५ टक्के खरेदी करायची आहे, त्यातली ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. लहान कारखानदाराचं बिल ४५ दिवसांच्या आत द्यायचं, असा कायदा आहे. "कायदा आहे," तो म्हणाला आणि एका कचेरीचं आठ महिन्यांचं थकलेलं बिल दाखवलं. कचेरीचं नाव त्याने मला लिहू दिलं नाही. "पुढच्या वेळी पुन्हा तिथेच भरायचंय, मामा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडकडे जाताना त्याने गाडी जिल्हा न्यायालयासमोर थांबवली. "जळगावचं घरकुल प्रकरण आठवतं ना? निकाल धुळ्यातच लागला."

आठवत होतं, पण तुकड्या-तुकड्यांनी. जळगाव नगरपालिकेने नव्वदच्या दशकात गरिबांसाठी हजारो घरांची योजना आखली. काम एका ठेकेदार कंपनीला दिलं, पैसे गेले, आणि घरं मात्र ठरल्याच्या मानाने फारच थोडी उभी राहिली. ३ फेब्रुवारी २००६ ला महानगरपालिकेचे तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी पोलिसांत फिर्याद दिली. २९ कोटींचं प्रकरण म्हणून ते ओळखलं गेलं. ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं. त्यांत माजी मंत्री होते आणि बरेचसे माजी नगरसेवकही. शिक्षेविरुद्ध पुढे अपिलं झाली, ती वरच्या न्यायालयाची बाब. मी गाडीत बसून बोटांवर हिशेब करत होतो. फिर्यादीपासून निकालापर्यंत साडेतेरा वर्षं. पहिलीत घातलेला मुलगा तेवढ्यात बारावी होऊन कॉलेजात जातो. योजना आखली तेव्हा ज्या बाईने घरासाठी नाव दिलं असेल, तिच्या नातवंडांनी तो निकाल वाचला असेल.

"घोटाळा झाल्यावर न्यायालय आहेच," भाचा म्हणाला. "पण तोवर घर नसतं. म्हणून खरेदी होत असतानाच बघितली पाहिजे."

हे वाक्यही मी वहीत लिहिलं. पण हे सगळं ऐकीव होतं. मला एक तरी फाइल डोळ्यांनी बघायची होती. भाच्याने सुचवलं, "नवी पुस्तिका डिसेंबर २०१६ ची. त्यानंतरचा पहिला मार्च कसा गेला, ते बघा." मार्चअखेर म्हणजे काय हे मी जाणतो. ३१ तारखेच्या आत निधी खर्च झाला नाही तर परत जातो, म्हणून वर्षभर झोपलेल्या कचेऱ्या त्या महिन्यात रात्री दहापर्यंत दिवे लावून बसतात. नियम कितीही नवे असले तरी मार्च जुनाच.

जवळच्या एका सरकारी कचेरीत मी माहिती अधिकाराचा अर्ज दिला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत, असा महाराष्ट्राचा नियम. आयुष्यभर मुलांना '१५० शब्दांत निबंध लिहा' म्हणून छळणाऱ्या माणसावर काय वेळ आली ती बघा. पहिला मसुदा ३४० शब्दांचा झाला. त्यात लोकशाहीचं महत्त्व, कर म्हणजे काय, जनतेचा पैसा, असं बरंच होतं. सौ.ने वाचून विचारलं, "तुम्हाला हवंय काय नेमकं?" तिच्या प्रश्नाने सगळी झूल उतरली. उरलं ते एवढंच: मार्च २०१७ मधल्या कपाट खरेदीची मूळ फाइल, दरपत्रकं आणि साठा नोंदवही मला बघायची आहे. बघायची, नक्कल नको. दप्तर समोर बसून पाहण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे, हे मला भाच्याकडून कळलं होतं.

पंचविसाव्या दिवशी पत्र आलं: अमुक तारखेला अकरा वाजता यावे. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. पोटात परीक्षेला बसणाऱ्या पोरासारखा गोळा होता. मला वाटलं होतं, कोणी तरी खेकसेल. कारकुनाने खुर्ची दिली, चहा मागवला आणि फाइल पुढ्यात ठेवली. लाल फीत सोडताना माझीच बोटं थरथरत होती.

पहिला अर्धा तास मला काहीच कळलं नाही. टिपणी, तिच्यावर टिपणी, तिच्यावर 'मान्यतेस्तव सविनय सादर'. पान उलटत गेलो. ३० लोखंडी कपाटं, नग ९,८०० रुपये, एकूण २,९४,०००. आठ दिवसांनी पुन्हा ३० कपाटं, २,९४,०००. मग २९ मार्चला आणखी ३०, पुन्हा तेवढेच. एकूण ९० कपाटं आणि ८,८२,००० रुपये. तिन्ही वेळा रक्कम ३ लाखांच्या आत. एकत्र मागणी केली असती तर ई-निविदा काढावी लागली असती. एवढं मला समजलं म्हणून मी स्वतःवरच खूश झालो.

मग मी कोटेशनं काढली. तीन दुकानं, तीन छापील कागद, तीन शिक्के. एकाचा भाव ९,८००, दुसऱ्याचा १०,१००, तिसऱ्याचा १०,३००. नियमाप्रमाणे सगळं जागच्या जागी. मी पुढचं पान उलटणार, तेवढ्यात डोळा अडखळला. पहिल्या कागदावर लिहिलं होतं, 'लोखंडी कपाठ'. ठ. चूक माणसाची होते. दुसरा कागद बघितला. 'लोखंडी कपाठ'. तिसरा. 'लोखंडी कपाठ'.

टेंडर मला कळत नाही, गेज उलटं कळतं, वांगी कळत नाहीत. पण कॉपी मला कळते. ३१ वर्षं मी उत्तरपत्रिका तपासल्या. बरोबर उत्तर तीन मुलांचं सारखं असू शकतं, त्यात नवल नाही. चुकीचं उत्तर तिघांचं सारखं आलं, की समजायचं, बाक एकच होता. तीन दुकानांचे तीन भाव एका हाताने, एका टेबलावर टाइप झाले होते. तिथे स्पर्धा झालीच नव्हती. फक्त स्पर्धेचे कागद होते.

न राहवून मी ते तीन कागद कारकुनापुढे सरकवले आणि 'कपाठ'वर बोट ठेवलं. त्याने बघितलं, थोडा वेळ गप्प राहिला. मग अगदी साधेपणाने म्हणाला, "गुरुजी, एक विचारू? तुम्ही मुख्याध्यापक असताना शाळेची कोटेशनं कोण आणायचं?"

माझा अधू कान त्या दिवशी नेमका चांगला चालत होता.

शाळेला अनुदान आलं की आम्ही सतरंज्या घ्यायचो, वर्गातले फळे घ्यायचो, पाण्याची टाकी घ्यायचो. दर वेळी तीन कोटेशनं लागत. मी अमळनेरच्या एका दुकानदाराला फोन करायचो: "शेठ, सतरंज्या पाठवा आणि सोबत तीन कोटेशनं द्या." तो तिन्ही द्यायचा. स्वतःचं एक, बाकी दोन त्याच्या ओळखीच्या दुकानांची. एकाच पाकिटात, एकाच टाचणीत. मी ती टाचणी काढून तीन वेगवेगळ्या तारखा टाकायचो आणि खाली लिहायचो, 'सर्वांत कमी दर असल्याने शिफारस'. एक रुपया कधी घेतला नाही. घेतला नाही, एवढ्यावरच मी स्वतःला प्रामाणिक समजत आलो. सतरंजी दुसरीकडे शंभर रुपयांनी स्वस्त होती का, हे मी कधी विचारलंच नाही. विचारायची पद्धत नव्हती. पद्धत म्हणजे तीन कागद.

कारकून टोमणा मारत नव्हता. तो खरंच विचारत होता. मी म्हणालो, "तुमच्यासारखीच यायची. एका टाचणीत."

तो हसला नाही. साठा नोंदवही काढून दिली. ज्याला आम्ही शाळेत डेडस्टॉक म्हणतो तीच ती. मी मग कचेरीभर फिरून कपाटं मोजली. हे लिहिणं माझं कर्तव्य आहे: नोंदवहीत ९० होती, मोजल्यावरही ९० भरली. एकही कमी नव्हतं. दोन दारांना मी अंगठा लावून पाहिला. एक कडक लागलं, एक टक्कन वाजलं. चोरी म्हणावी तर वस्तू समोर उभ्या. पण खरी स्पर्धा झाली असती तर ती कपाटं नऊ हजारांना मिळाली असती की दहाला, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. नुकसान किती झालं हेही कळू न देणं, हे त्या तीन कागदांचं काम होतं आणि त्यांनी ते चोख केलं.

कचेरीला मी लेखी अर्ज देऊन या तीन दरपत्रकांबद्दल विचारलं आहे. तिचं नाव इथे घालत नाही, कारण माझ्या शाळेचंही घालावं लागेल.

२८ सप्टेंबरला वाचनालयात पन्नास खुर्च्या मांडल्या होत्या. माणसं तेवीस, त्यांत चार जण पाऊस आला म्हणून आत शिरलेले. मी वहीतली लोकशाहीची सगळी वाक्यं गाळली. फळ्यावर 'कपाठ' असं तीनदा लिहिलं आणि विचारलं, "काय चुकलं?" पाचवीतली एक मुलगी ओरडली, "ट पाहिजे!" मग मी सगळी गोष्ट सांगितली. शेठच्या टाचणीसकट. सभेत असं काही कबूल करायचं म्हणजे घसा कोरडा पडतो. समोर माझेच जुने विद्यार्थी आणि त्यांचे बाप बसले होते. कोणी काही बोललं नाही. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या माउलीने तेवढं विचारलं, "गुर्जी, हाऊ पैसा कोना शे?"

"आपलाच, माय."

"मंग मोजाले लाज कसानी?"

भाषण तिथेच संपलं होतं. पुढे मी फक्त पाठ सांगितला, शाळेत सांगायचो तसा. कुठली खरेदी बघायची तर पहिल्यांदा बघा, जाहिरात कुठे लागली आणि किती दिवस होती. मग अटी वाचा. सदरा कोणाच्या मापाचा ते आपोआप कळेल. रक्कम मर्यादेच्या अगदी खाली बसवली आहे का आणि तीच वस्तू महिन्यात पुन्हा-पुन्हा घेतली आहे का, ते बघा. तीन भाव शेजारी-शेजारी ठेवून वाचा. चुकांकडे लक्ष द्या; चुका खोटं बोलत नाहीत. आणि शेवटी उठा, जा आणि मोजा. माहिती अधिकारात कामाची पाहणी करता येते, मालाचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. हे फारसं कोणाला माहीत नसतं. मलाही साठी उलटल्यावर कळलं.

वाचनालयातल्या पोरांनी तिथल्या तिथे ई-ग्रामस्वराज उघडलं. एप्रिल २०२० पासून ग्रामपंचायतींचा आराखडा आणि खर्च तिथे कोणालाही बघता येतो. आमच्या गावाच्या पानावर पथदिव्यांचा खर्च होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीन पोरं आणि ती पाचवीतली मुलगी वही घेऊन खांब मोजत गावभर फिरली. सरपंचताईंना कळलं तेव्हा त्या रागावतील असं मला वाटलं. त्या स्वतः मारुतीच्या पारापासून पुढे मोजायला आल्या. म्हणाल्या, "माझ्या सहीनं गेलेत पैसे, मला तर आधी कळू द्या."

माझ्या जुन्या शाळेच्या आताच्या मुख्याध्यापिकाबाईंनी परवा फोन केला. शाळेला बाकं घ्यायची आहेत, तीन दुकानांचे पत्ते हवेत. वेगवेगळ्या गावांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या. मी धुळ्याचा एक, पारोळ्याचा एक आणि चोपड्याचा एक दिला. भाच्याचा दिला नाही. तो रुसला आहे.

तुम्हालाही कधी असं दप्तर बघावंसं वाटलं तर घाबरू नका, तज्ज्ञ असायची गरज नाही. अर्जाला दहा रुपये लागतात. दप्तर पाहायला बसलात की पहिल्या तासाला पैसे लागत नाहीत. माझ्या ३१ वर्षांच्या नोकरीत जे शिकायचं राहून गेलं, ते त्या फुकटच्या तासात शिकून झालं.